मंदाआत्याची सायकल

मंदाआत्या आमच्याकडे कायमची राहायला आली आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. ती आली तेव्हा तिच्याबरोबर पत्र्याची एक ट्रंक होती आणि गोणपाटात बांधलेला फणस होता. मला वाटलं, नेहमीसारखी चार दिवसांसाठी आली असेल. फणस संपला, आठळ्या भाजून खाऊन झाल्या, माझी शाळा सुरू झाली, तरी ट्रंक आपली पलंगाखालीच. गणपतीला बाबा दरवर्षी सगळ्यांना घेऊन गावी जायचे. त्या वर्षी ते एकटेच गेले आणि आई, आत्या, मी अशा तिघीच मागे राहिलो. तेव्हा मला काय ते कळलं. आत्याला मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्याने, विश्रामकाकांनी, दुसरी बायको केली होती. दुसरीला मुलगा झाला. त्या घरात आत्याने कितीतरी वर्षं सगळ्यांचं सगळं केलं, सासूचं, नवऱ्याचं, त्या मुलाचंसुद्धा, आणि मग एक दिवस ट्रंक भरून भावाकडे निघून आली. बाबा आणि आत्या एकमेकांशी मालवणीत बोलायचे, आई सांगलीकडची म्हणून ती आपल्या भाषेत, आणि मी वर्गातल्या मुलींसारखी अर्धी हिंदी मिसळून. बोलणं घरात भरपूर चालायचं, पण या विषयावर कोणीच बोलत नसे.

आचोळ्यात आमची दीड खोली पहिल्या मजल्यावर होती. तेव्हा बिल्डिंगी नुकत्या उभ्या राहत होत्या, दोन बिल्डिंगींच्या मध्ये अजून भातशेती होती, आणि रस्ता म्हणजे खडी टाकून दाबलेली लाल माती. रिक्षा क्वचित दिसायची. टांगे होते, ते स्टेशनजवळ उभे असायचे. बाकी सगळं गाव सायकलवर. आमच्या जिन्याखाली सायकली एकमेकींना टेकून अशा उभ्या असायच्या की सगळ्यात आतली काढायची तर बाहेरच्या सगळ्या हलवाव्या लागत. पहाटे मला जाग यायची ती त्या आवाजाने. कुलपांच्या साखळ्या, स्टँड मागे ढकलल्याचा खटका, मग कोणीतरी पायाने पेडल उलटं फिरवून चेन बसली का ते बघायचं. पाववाला भोंगा वाजवत यायचा, त्याच्या कॅरियरवर पावांची लादी ताडपत्रीखाली झाकलेली. नळाला पाणी नसलं की पुरुषमाणसं हँडलला दोन्हीकडे कॅन अडकवून विहिरीवर जायची आणि येताना सायकल हातात धरून चालत यायची. बाबांची काळी, उंच दांडीची सायकल होती. त्यावरून ते स्टेशनपर्यंत जात, स्टँडवर लावत आणि संध्याकाळी परत येत. आता मी त्याच रस्त्याने रिक्षातून जाते तेव्हा पायी चालणारा माणूस आमच्या पुढे निघून जातो. रविवारी सकाळी हेल्मेट घातलेली मुलं महागड्या सायकली घेऊन हायवेकडे जाताना दिसतात. छान वाटतं बघायला. पण आम्ही व्यायाम म्हणून कधी सायकल चालवली नाही. दळण आणायला, डॉक्टरकडे, लग्नाला, मयताला, सगळीकडे सायकलच.

आत्याला घरात नुसतं बसवेना. आईच्या हातातलं काम काढून घ्यायची, घावणे घालायची, कुळथाची पिठी करायची, दुपारी आमच्या दारात बसून शेजारणींचे तांदूळ निवडून द्यायची. आई एकदा तिला म्हणाली, “वन्सं, तुम्ही पाहुण्या नाही आणि मोलकरीणही नाही. बसा की जरा.” आत्या हसली, पण बसली नाही. दिवाळीनंतर खालच्या बाईंनी तिला सातिवलीला एका गाळ्यात काम लावून दिलं. तिथे प्लॅस्टिकची बटणं बनायची. बायकांनी ताटात बटणं पसरून फुटकी, वाकडी वेगळी काढायची आणि चांगली पाकिटात भरायची. गाळ्याचा टेम्पो सकाळी नाक्यावरून बायकांना घेऊन जायचा. आत्या घरी यायची तेव्हा तिच्या केसांत प्लॅस्टिकचा वास असायचा, आणि ती मला दिवसभरात बघितलेली बटणं वर्णन करून सांगायची. मोत्यासारखी, कोटाची, बाळांच्या झबल्याची. झबल्याची सांगताना तिचा आवाज तसाच असायचा, हे मला आता जाणवतं. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

मग टेम्पो बंद झाला. मालकाने सांगितलं, ज्यांना जमेल त्यांनी आपापलं यावं. एसटी होती, पण तिची वेळ आणि गाळ्याची वेळ जुळत नव्हती. बाकीच्या बायका एकेक करून घरी बसल्या. आत्या दोन दिवस चालत गेली आणि पायांना फोड आले. तिसऱ्या दिवशी बाबा जेवायला बसले असताना ती म्हणाली, “दादा, माका सायकल शिकूची आसा.”

बाबांचा घास हातातच राहिला. “ह्या वयात? तू खुळी काय गो? लोक काय म्हणतले?”

“लोक काय म्हणतले ता माका ठावक आसा. तुका चलात काय, ता सांग.”

“पडशीत. हात-पाय मोडून घेशीत.”

“मोडले तर तुझ्याच घरात पडान रवतलंय. आता तरी काय करतंय?”

बाबा परत जेवायला लागले. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. आईने त्यांच्या पानात भात वाढला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “सुले, तुझी दहावीची परीक्षा झाली की सुट्टीच आहे ना?”

सायकल मला लहानपणापासून येत होती. आम्ही सगळी मुलं भाड्याच्या सायकलीवर शिकलो. पाय पुरत नाहीत तोवर दांडीखालून पाय घालून कैची मारायची, मग दांडीवर, मग सीटवर. नाक्यावर भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तिथे एक खडखडती लेडीज सायकल होती, ती मी रोज सकाळी घेऊन यायचे आणि आम्ही आचोळ्याच्या तळ्याजवळच्या मैदानात जायचो. आईने आत्याच्या साडीच्या निऱ्या पोटरीपाशी दोन पिनांनी बांधून दिल्या होत्या. मी मागून कॅरियर धरायचे आणि आत्या सीटवर बसून दोन्ही हातांनी हँडल असं आवळायची की तिची नखं पांढरी व्हायची. पेडलवर पाय ठेवला की खाली बघायची, खाली बघितलं की तोल जायचा, आणि आम्ही दोघी सायकलीसकट मातीत. तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. क्रिकेट खेळणारी मुलं ओरडायची, “ए आंटी, ब्रेक मारो!” आत्या उठायची, पदर झाडायची आणि परत सायकल उभी करायची. रात्री आई तिच्या गुडघ्याला हळद-तेल लावायची. बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचे नाहीत, पण पान उलटायचेही नाहीत.

हिराबाई आम्हाला तिथेच भेटली. ती खाडीकाठच्या एका गावातली, घरची शेती, वाडीतली भाजी घेऊन रोज तुळिंजच्या बाजारात यायची. पन्नाशीची बाई, काष्टा घातलेलं लुगडं, आणि खाली नवऱ्याची उंच जेन्ट्स सायकल. मागे कॅरियरला दोन्ही बाजूंनी टोपल्या, त्यांत वालाच्या शेंगा, मुळे, पालेभाज्या. आमचं पडणं ती येता-जाता बघत होती. एके दिवशी पाय टेकून थांबली आणि आत्याला म्हणाली, “बाय, खाली नको बगू. फुडं बग. चाक कुटं पलून जानार हाय काय?”

“पडेन अशी भीती वाटते,” आत्या म्हणाली.

“पडशील तर. मी काय कमी पडलंय? टोपलीसकट पानी भरलेल्या शेतात गेलेली. शेंगा गोला करीत बसली.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आनि तू पोरी, सोड तिला. तू धरतेस म्हनून ती शिकत नाय.”

मी सोडलं. आत्याला सांगितलं नाही. ती मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेली, वळता येईना म्हणून सरळ निवडुंगाच्या कुंपणापर्यंत गेली आणि तिथे उतरली. पडली नाही, उतरली. तिने मागे बघितलं तेव्हा मी इकडे, ती तिकडे, मध्ये सगळं मैदान. तळ्यावरच्या बायकांपैकी एकीने ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. आत्या एवढ्या लांबून मला हाक मारून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा मात्र मी अजून विसरलेले नाही.

तिची स्वतःची सायकल हिराबाईनेच बघून दिली. त्यांच्या गावातल्या निवृत्त शिक्षिकेची हिरवी लेडीज सायकल, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी लावलेली, हँडलला वेताची बास्केट. आत्याने ती साठवलेल्या पगारातून घेतली. घरी आणली त्या दिवशी तिने तिला फुलं वाहिली, कुंकू लावलं आणि शेजाऱ्यांना गूळ-खोबरं वाटलं. जिन्याखाली तिच्यासाठी जागा करायला बाबांनी स्वतःची सायकल बाहेरच्या बाजूला, पावसाच्या झडीत येईल अशी लावली. मी ते बघितलं. आत्यानेही बघितलं असणार.

पुढचे काही महिने मला आठवतात ते आत्याच्या येण्या-जाण्याने. सकाळी ती डबा बास्केटमध्ये ठेवून निघायची, आचोळ्याहून गोखिवऱ्यावरून सातिवलीपर्यंत. संध्याकाळी परत यायची ती रिकाम्या हाताने कधीच नाही. कधी वाटेवरच्या झाडाखाली पडलेल्या चिंचा, कधी तबेल्यावरून खरवसाचं दूध, कधी हिराबाईने जबरदस्तीने दिलेली माठाची जुडी. जेवताना आता तीच बोलायची. कुठल्या शेतात कापणी झाली, कुठे नवीन पाया खणलाय, गोखिवऱ्याच्या चढावर आज ती उतरली नाही. बाबा ऐकायचे. एकदा म्हणाले, “उतारार ब्रेक दाबून येतंस मा?” ती शिकल्यापासून सायकलीविषयी ते तिच्याशी बोलले ते पहिलं वाक्य.

थंडीचे दिवस होते. दुपारी दार वाजलं म्हणून मी उघडलं, तर विश्रामकाका. मी त्यांना लहानपणी पाहिलं होतं, तेव्हा ते मला मोठे धिप्पाड वाटायचे. आता केस पांढरे, गाल बसलेले, हातात पिशवी. आईने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. मग मला स्वयंपाकघरात ओढून हळू आवाजात म्हणाली, “भाड्याची सायकल घे आणि सातिवलीला जा. वन्सांना सांग, विश्रामराव आलेत. दारात येऊन एकदम बघण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आणि घाबरू नका म्हणावं, मी आहे.”

त्या दिवशी मी जेवढ्या जोरात सायकल मारली तेवढी पुन्हा कधी मारली नाही. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे खुंट, मध्येच वालाचा हिरवा पट्टा, तबेल्यांचा वास, मग हायवेकडून येणारी धूळ. गाळ्यात मशीनचा आवाज एवढा होता की मला ओरडून सांगावं लागलं. आत्याचा हात ताटातल्या बटणांवर थांबला. “एकटेच आलेत?” तिने विचारलं. मी मान हलवली. “जेवले काय?” ते मी बघितलं नव्हतं. तिने ताट पूर्ण निवडून संपवलं, मगच उठली.

परत येताना आम्ही शेजारी शेजारी चालवत होतो. गोखिवऱ्याला ती थांबली आणि सुके बोंबील घेतले. विश्रामकाकांना भाजलेले बोंबील आवडतात, हे तिनेच मला पुढे कधीतरी सांगितलं.

घरी ती त्यांच्यासमोर पाटावर बसली. काकांनी पिशवीतून नारळ काढून मध्ये ठेवले. “आये हांथरुणाक खिळली,” ते म्हणाले. “ती दुसरी बघणा नाय. आये तुझाच नाव घेता.” आत्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिची सासू, लोक तिला आयेच म्हणत, त्या घरात आत्याच्या बाजूने बोलणारी एकटीच होती. “दादा येवंदे,” आत्या म्हणाली. “मगे बघूया.” ती उठून बोंबील भाजायला लागली आणि घरभर तो खरपूस वास पसरला. आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. आत्या जाणार, हे आम्हा दोघींनाही न बोलता कळलं होतं. तिचा तो निमूट वावर, काकांना पाणी देताना पदर सावरणं, सगळं गावच्या घरातल्यासारखं झालं होतं.

बाबांच्या यायच्या वेळेला काका तंबाखू आणायला म्हणून खाली निघाले. आत्याही कळशी घेऊन निघाली, मी तिच्या मागे. जिन्याखाली काका थांबले. “ही तुझी सायकल?” त्यांनी विचारलं. आईने त्यांना सायकलीचं सांगितलं होतं. ते मनापासून हसले, त्यात काही वाईट नव्हतं. त्यांनी सीटवर हात ठेवला, ब्रेक दाबून बघितला. “बरी आसा. हिकाव घेवन जावया, यष्टीच्या टपार टाकूया. झील आता हायस्कुलात जातलो. तीन मैल चलता बिचारो. तेका होतली.” झील म्हणजे त्यांचा मुलगा, दुसरीचा.

आत्याने कळशी खाली ठेवली. “सायकल माझी आसा,” ती म्हणाली.

“तुझी ती आपलीच मा गो?”

“नाय. माझी.” तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट उतरलेला होता. “आनी मी येवचंय नाय.”

त्याच वेळी बाबा सायकल हातात धरून गेटमधून आत आले होते. काका त्यांच्याकडे वळले. “आयकलास मा? तुमी सांगा तिका.” बाबांनी सायकल स्टँडला लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मला वाटलं, आता बाबा तिला समजावणार. मोठा भाऊ, गावात नाव, लोक काय म्हणतील याची आयुष्यभर धास्ती घेतलेला माणूस. ते म्हणाले, “मी काय सांगू? तिना आपल्या तोंडान सांगल्यान. चला वर. जेवन घेवया.”

आणि खरंच सगळे जेवले. आत्याने स्वतः काकांना वाढलं, बोंबील वाढले, दुसऱ्यांदा भात घ्या म्हणाली. काकांनी मान खाली घालून जेवण संपवलं. कोणी कोणावर ओरडलं नाही. जेवण झाल्यावर काका पिशवी घेऊन उठले, तेव्हा बाबा म्हणाले, “चलत खंय जातास, मी सोडतंय.” गॅलरीतून मी बघितलं, बाबा सायकल चालवतायत आणि मागे कॅरियरवर विश्रामकाका डबलसीट, मांडीवर रिकामी पिशवी, पाय जमिनीला लागू नयेत म्हणून उचलून धरलेले. स्टेशनपर्यंत ते दोघं काय बोलले, बोलले की नाही, ते बाबांनी कधीच सांगितलं नाही. परत आल्यावर त्यांनी आत्याला एवढंच विचारलं, “शिमग्याक रजा मिळात काय तुका? आयेक बघून ये. तिकीट मी काढतंय.”

बऱ्याच वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, आत्याने तुळिंजला स्वतःची एक खोली घेतली होती. तिथे एका दुपारी मी तिला त्या दिवसाविषयी विचारलं. मला वाटत होतं, ती सातिवलीहून निघतानाच ठरवून निघाली असेल. ती म्हणाली, “छे गं. मी जाणारच होते. गाळ्यात सांगूनही आले होते, उद्यापासून येईन-न येईन म्हणून. आयेचं ऐकलं आणि माझा जीव राहिना. ते नुसतं चल म्हणाले असते तर त्याच रात्री निघाले असते. पण त्यांनी सायकल पोराला देऊन टाकली. मला विचारलंच नाही. त्या पोराला मी न्हाऊ-माखू घातलंय, त्याच्यावर माझा राग नव्हता. पण मनात आलं, ही सायकल गेली की मी परत नुसती ताट वाढणारीच. मग मला तिथे दुसरं काही म्हणून कोण ओळखणार?”

शिमग्याला ती गेली. दोन आठवडे सासूजवळ राहिली, तिचं अंग पुसलं, पेज भरवली, आणि ठरल्या दिवशी परत आली. सासू पुढे पावसाआधी गेली, ते आम्हाला पत्राने कळलं. पण त्या शिमग्याहून आत्या आली ती संध्याकाळ मला आठवते. आईने चहा केला होता, बाबाही घरी होते. आत्या चहा बशीत ओतून पीत सांगत होती. सासूला दिसत जवळजवळ नव्हतंच. तिने आत्याचे तळहात चाचपून बघितले आणि हे घट्टे कसले म्हणून विचारलं. आत्याने सांगितलं, सायकलीच्या मुठींचे.

“तू सायकल चलवतंस?” म्हातारी म्हणाली. “पडलंस काय गो?”

“पडलंय तर. कितीदा.”

“लोक हसले?”

“हसले.”

म्हातारी बराच वेळ आत्याचा हात धरून पडून राहिली. आत्याला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच ती म्हणाली, “हसांदेत.”